ओलिताची पाळी

एका मासिकाच्या संपादकांनी मला मासिक पाळीवर लिहायला सांगितलं आणि हा विनोद नाही, असंही सांगितलं. लिहायचं होतं ते पुरुषांच्या पाळीवर. म्हणजे जन्माच्या दाखल्यावर मुलगी असं लिहिलेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्या माणसांच्या; आणि जी दोन्ही म्हणवून घेत नाहीत त्यांच्याही. महिन्यातले ते चार दिवस ही माणसं कशी काढतात, असा प्रश्न होता. पुण्यातलं कोणी नको होतं. "जरा आतलं गाव बघा," संपादक म्हणाले. मी नकाशावर आत आत जात राहिलो आणि महाराष्ट्राच्या बाहेर पडलो.

नावं बदललेली आहेत. सूतगिरणी सौसरजवळ आहे. जवळ म्हणजे किती, ते सांगणार नाही.

पांढुर्णा, मंगळवार

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत राज्य बदललं, हे स्टेशनांच्या पाट्यांवरून कळतं. डब्यातल्या भांडणांवरून कळत नाही, ती शेवटपर्यंत मराठीतच चालतात. पांढुर्ण्याला उतरून समोरच्या हॉटेलात पोहे मागवले. त्यावर नागपुरी पद्धतीची लाल तर्री आली आणि शेजारी मध्य प्रदेशी पद्धतीची जिलबी. तू नेमकी कुठली ते एकदाचं ठरव, असं त्या बशीला कोणी म्हणत नव्हतं. ही सवलत बश्यांपुरती आहे.

सुमेध तिथेच भेटायला आला. वय सव्वीस, अंगाने किरकोळ, शर्ट पॅन्टमध्ये खोचलेला. मिशी नाही, पण मिशीवरून हात फिरवायची सवय आहे. सौसरकडच्या सूतगिरणीत तो तीन पाळ्यांत काम करतो, तिथेच तीन कामगारांबरोबर खोली करून राहतो आणि सुट्टीला पांढुर्ण्याला आईकडे येतो. इथे वस्तीत सगळ्यांना तो लहानपणापासून माहीत आहे. गिरणीत कोणालाच माहीत नाही. आधार कार्डापासून हजेरीपटापर्यंत तो पुरुष आहे. इंजेक्शनं अजून सुरू केलेली नाहीत, त्यासाठी नागपूरला खेटे घालावे लागतात. त्यामुळे पाळी येते.

"तुमी पाळीवर लिवून राहिले ना?" त्याने खिशातून कागद काढला. "मंग हे वाचा. लय मोठी पाळी आली माह्यावर."

कागद गिरणीचा होता आणि हिंदीत होता. 'श्री सुमेध, आपने संदेश भेजा है कि आपकी पाली आई है, अतः आप दो दिन नहीं आ सकेंगे। इससे प्रतीत होता है कि आप किसी अन्य संस्थान में भी पाली कर रहे हैं। गुरुवार को उपस्थित होकर स्पष्टीकरण दें।'

मी दोनदा वाचला. वृत्तपत्रात तीस वर्षं चुका दुरुस्त करण्यात गेली, पण इतकी निर्दोष चूक पाहिली नव्हती.

घडलं होतं ते असं. आधीच्या आठवड्यात सुमेध सुट्टीला घरी आला आणि आडवा झाला. पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून त्याने आईला सांगितलं, साहेबाले मेसेज टाक, येत नाही म्हणून. आईने त्याच्या फोनवरून मराठीत टाकला: 'पाळी आली आहे. आज आणि उद्या येऊ शकत नाही.' साहेब, म्हणजे शुक्लाजी, विंध्याकडचे. मराठीत पाळी म्हणजे दोन गोष्टी. हिंदीत पाली म्हणजे एकच, कामाची पाळी. ळ हे अक्षर हिंदी वाचणाऱ्याला दिसतं ते ल म्हणूनच. शुक्लाजींनी निष्कर्ष काढला की हा माणूस चोरून दुसऱ्या कारखान्यातही पाळी करतो.

पुढच्या महिन्यात गिरणी काही कामगारांना कायम करणार होती. यादीत सुमेधचं नाव होतं. आता दोन रस्ते होते. आरोप मान्य केला तर नोकरी जाते. खरा अर्थ सांगितला तर काय काय जातं, याची मोजदाद त्याने केली नव्हती. खोली तर नक्कीच.

"पन एक गोष्ट पाहा," तो म्हणाला. "नोटिशीत 'श्री' लिवलं हाय. माह्या नावाच्या आंगी 'श्री' लागलेला हा पयला कागद."

त्याची आई कुसुमबाई आशा कार्यकर्ती आहे. घराच्या कपाटात पॅडची पाकिटं रचलेली, प्रत्येकावर हसणारी मुलगी छापलेली. ती का हसते, हे पाकिटावर लिहिलेलं नाही. कुसुमबाईंनी वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली आणि मी काही विचारायच्या आत स्वतःची बाजू मांडली.

"मी का खोटं लिवलं? घरोघरी जाऊन पोट्ट्याइले सांगते, लाजू नोका, पाळीले पाळी म्हना. मंग माह्या घरी मी का म्हनू, कावळा शिवला?"

"माय, तुले मालूम नाही का साहेब मानूस हाय?" सुमेध म्हणाला.

"मालूम हाय. पन साहेबाले बायको असन ना."

"आमच्यात विटाळ पाळत नाही," त्यांनी मला सांगितलं. तेवढ्यात शेजारची मुलगी पाकीट न्यायला आली. कुसुमबाईंनी ते काळ्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि मुलीने ती ओढणीखाली धरली.

"विटाळ नाही पाळत," सुमेध म्हणाला, "काळी पिशवी पाळते."

पुण्यातही हेच आहे. फक्त तिथे त्याला अडचण म्हणतात आणि पिशवी कागदी असते, पर्यावरणासाठी.

संध्याकाळी जाम नदीवर गेलो. पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार. तेव्हा पाण्याच्या दोन्ही बाजूंना माणसं रक्तबंबाळ होतात, दवाखाने तयार ठेवले जातात आणि पाहायला पाहुणे येतात. रक्ताचं या गावांना वावडं नाही.

"माह्या मामाचं डोकं तीनदा फुटलं," सुमेध म्हणाला. "फोटो लावला हाय घरी, पट्टी बांधलेला. लोक पायतात आन म्हनतात, मर्द हाय." त्याने काठावरचा एक गोटा उचलून पाण्यात टाकला. "मले दर महिन्याले चार दिवस. पन फोटो नाही."

लोधीखेडा, बुधवार

सकाळी पांढुर्ण्यात, वस्तीपासून लांबच्या औषधांच्या दुकानात जायचं होतं. कपाटातली पाकिटं सुमेध घेत नाही. ती मुलींच्या नावाने वहीत मांडून वाटायची असतात. नववीत असताना त्याने आईला बजावलं होतं, माझं नाव त्या वहीत घालशील तर जेवणार नाही, आणि दीड दिवस जेवला नव्हता. आज दुकानात तो बाहेरच थांबला. मी वयाने साठीकडे झुकलेला असल्यामुळे मला कोण काय म्हणणार, असा त्याचा हिशेब होता.

"पॅड द्या," मी म्हणालो.

"वहिनीचं रोजचं कोनतं हाय?"

"वहिनीसाठी नाही."

"पोरीसाठी?"

"नाही."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग आधी मागच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं. "पंखवाले देऊ का बिनपंखाचे?" मी पंखवाले घेतले, सोय जास्त असलेली वस्तू घ्यावी, असा सर्वसाधारण नियम. त्याने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं. ते ज्या दैनिकात मी नोकरी केली त्याच दैनिकाचं निघालं. वर काळी पिशवी. कोणतीही गोष्ट इतकी नीट झाकलेली मी त्या कचेरीतही पाहिली नव्हती.

"तो मले पाहून डोळा मारते," बाहेर आल्यावर सुमेधने सांगितलं. "दोनतीनदा मीच घेतले त्याच्याकून. त्याले वाटते मी बाई ठेवली हाय. आता माह्याशी लय इज्जतीनं बोलते."

बसने सौसरवरून लोधीखेड्याला गेलो. वाटेत कापूस फुटला होता आणि संत्र्याच्या बागांना बांबूचे टेकू लावले होते. फांदी फळाने मोडू नये म्हणून इथे इतकी काळजी घेतात. सुमेधच्या घरी यातलं काहीच नाही. वावर नाही, बाग नाही. वडील होते तोवर दुसऱ्यांच्या बागेत तोडणीला जात.

लोधीखेड्यात शीतल मास्टरांचं शिलाईचं दुकान आहे. मास्टर पस्तिशीचे. स्वतःला बाई म्हणत नाहीत, बुवाही म्हणत नाहीत. शिवणाऱ्या माणसाला गावात मास्टर म्हणतात आणि मास्टर म्हटलं की 'म्हणाले' आपोआप येतं, ही व्यवस्था त्यांना पुरते. स्वतःबद्दल बोलताना ते फक्त 'आमी' म्हणतात.

"मी म्हटलं का लोक पायतात, पुढं गेलो येते का गेली," मास्टरांनी खुलासा केला. "आमी गेलो. झालं. आता कोन विचारते?"

राजेरजवाडे गेल्यावर हे सर्वनाम मोकळंच पडलं होतं. त्याचा इतका चांगला वापर मला ठाऊक नव्हता.

माझी काळी पिशवी उघडून मास्टरांनी पाकीट पाहिलं. "पंखवाले काऊन आनले? उडवायचे हायेत का?"

मी दुकानदाराचा सल्ला सांगितला.

"ढिल्या चड्डीत पंख दुमडत नाही. मांडीले चिकटते आन मानूस बदकावानी चालते. मंग लोक विचारते, का झालं बे, मूळव्याध?" मास्टरांनी सुमेधकडे हात केला. "हा एक महिना मूळव्याधच सांगत होता. गिरणीतले दोघं त्याले जडीबुटी आनून देत."

"कडू होती," सुमेध म्हणाला. "खाल्ली मी."

मास्टर या कामासाठी पुरुषी चड्ड्या शिवतात. तळाला बनियनच्या कापडाचे दोन थर आणि दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या, त्यांत घडी घातलेलं कापड किंवा बिनपंखाचं पॅड अडकतं. वरून पाहिलं तर साधी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, दोरीवर चारचौघांत वाळवता येते. कापड उन्हात वाळलं पाहिजे, नाही तर खाज सुटते, हे आरोग्याचं ज्ञान. ते लपवून सावलीत वाळवावं लागतं, हे समाजाचं. मास्टरांच्या चड्डीत दोन्हींचा समेट आहे.

"तुमचं कसं?" मी विचारलं.

"आमाले आली का आमी दुकान बंद नाही करत. गिऱ्हाइक म्हनते, मास्टर, आज तोंड काऊन उतरलं? आमी म्हनतो, मशीन तेल मागून राहिली."

चहा आला. सुमेधने नोटीस पुढे ठेवली. मास्टरांनी ती चष्मा लावून वाचली आणि हसले नाहीत.

"खोटं शिवायचं असन तं कापड जादा ठेव," ते म्हणाले. "मंग लागन तसं दाबता येते."

"मले नाही शिवायचं," सुमेध म्हणाला. "मी खरं सांगनार. गिरणीत मर्दाइचे संडास दोन, दोन्हीच्या कड्या तुटलेल्या. डबा नाही. वापरलेलं प्लास्टिकच्या पन्नीत बांधून टिफिनच्या पिशवीत घालतो आन आठ घंटे तसाच ठेवतो. त्याच पिशवीत माह्यी भाकर असते. कटाळा आला, मास्टर."

"अन खोली?"

"जाईन तं जाईन."

मास्टर उठले. दोन चड्ड्या कागदात बांधून दिल्या. सुमेधने काळी पिशवी मागितली तर म्हणाले, आमच्याकडे नसते.

सौसर, गुरुवार

सुमेधने मला बरोबर यायला सांगितलं, पत्रकार म्हणून नव्हे, काका म्हणून. काकांना केबिनच्या बाहेर बाकावर बसवलं. केबिनला अर्धं दार होतं, त्यामुळे दिसत नव्हतं पण ऐकू सगळं येत होतं. वृत्तसंकलनाला यापेक्षा चांगली जागा मला आजवर कोणी दिली नव्हती.

शुक्लाजी सभ्य गृहस्थ. सौसरला सहा वर्षं आहेत. मराठी येत नाही. येत नाही हे ते अभिमानाने सांगत नाहीत आणि खंतीनेही सांगत नाहीत.

"बताओ," त्यांचा आवाज आला. "दूसरी पाली कहाँ करते हो?"

"साहब, कहीं नहीं करता."

"फिर ये क्या है? पाली आई है. कहाँ आई है?"

सुमेधने श्वास घेतला, तो मला बाहेर ऐकू आला. "साहब, मैं बताता हूँ. पाळी मतलब..." आणि तो थांबला. वाक्य त्याने पाठ केलेलं होतं. सकाळी बसमध्ये मी त्याचे ओठ हलताना पाहिले होते.

तेवढ्यात हजेरीपट घेऊन वानखडे बाबू आत गेले. टाइम ऑफिसचे कारकून, सौसरचेच, डोक्याला टक्कल आणि गालात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू.

"वानखडे, आप तो मराठी हो," शुक्लाजी म्हणाले. "ये पढ़ो. क्या लिखा है?"

हे मात्र सुमेधच्या हिशेबात नव्हतं. खरं सांगायचं, पण एकट्या शुक्लाजींना, असं त्याने ठरवलं होतं. गिरणीत ज्याला ते दोन शब्द न सांगता कळतील असा माणूस आता त्याच्या शेजारी उभा होता आणि शुक्लाजींचा फोन त्या माणसाच्या हातात होता.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग वानखडे बाबू बाहेर आले, माझ्या बाकाशेजारच्या कोपऱ्यात थुंकले, चष्मा शर्टाला पुसला आणि परत आत गेले. तोंड मोकळं करूनच बोलायचं असं काही त्यांना बोलायचं असावं.

"साहब, ये पानी की पाळी है."

"पानी की?"

"ओलीत, साहब. सिंचाई. नहर का पानी बारी-बारी से छोड़ते ना, उसको हमारे इधर पाळी बोलते. इसकी बारी आई थी."

"तो सीधे पानी लिखना था."

"हमारे इधर पाळी बोले तो पानीच समझते."

"अच्छा." खुर्ची करकरली. "कितनी ज़मीन है तुम्हारी?"

सुमेधच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर सातबारा नव्हता. उत्तर वानखडे बाबूंनीच दिलं. "छोटा टुकड़ा है, साहब."

"पानी कब-कब आता है?"

"महीने में एक बार. तीन-चार दिन चलता है."

"तारीख़ पक्की रहती है?"

"पक्की समझो. कभी दो दिन आगे, कभी दो दिन पीछे."

"सरकारी काम है, आगे-पीछे तो होगा," शुक्लाजी समजुतीने म्हणाले. "घर से किसी और को नहीं भेज सकते?"

"नहीं साहब. इसमें ख़ुदकोच रहना पड़ता."

शुक्लाजींनी नोटिशीच्या पाठीवर लिहिलं: 'स्पष्टीकरण मान्य। सिंचाई हेतु प्रतिमाह दो दिवस पाली से छूट दी जाए।' महिन्याच्या त्या दिवसांत कामगाराला सवड द्यावी की नाही, यावर देशात मोठमोठ्या चर्चा झडतात. सौसरजवळ तो प्रश्न एका केबिनमध्ये, अर्ध्या तासात, पाटबंधाऱ्याच्या अंगाने सुटला.

"किसान के बेटे हो," शुक्लाजी म्हणाले, "पहले बताना था."

बाहेर चहाच्या टपरीवर वानखडे बाबूंनी तीन चहा सांगितले.

"का बे, खरं सांगनार होता का तू?"

"हो."

"हिंदीत?"

"हो."

"मंग मी बिचात आलो ते बरं झालं का वाईट, ते तूच पाय." त्यांनी बशीत चहा ओतला. "माह्या घरी दोन पोरी हायेत आन त्याइची माय. माह्या घरी पाळी म्हनजे पानी नाही रे बाप्पा."

त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही. तू कोण, कधीपासून, कसा. पत्रकार म्हणून मला ही मोठी त्रुटी वाटली. चहा संपल्यावर म्हणाले, "संडासात झाकनाचा डबा ठेवून देतो. कडीही लावून घेतो. डब्यावर लिवतो, खर्ऱ्याच्या पन्न्या इथं टाका."

"टाकन का कोनी?" सुमेधने विचारलं.

"कोनीच नाही टाकनार. म्हनून तं तुह्या कामी येईन." ते उठले आणि दोन पावलांवरून वळले. "पन उन्हाळ्यात नहर बंद असते. तवा का लिवशीन, ते आतापासून पाहून ठेवजो."

बसस्टँडवर सुमेधने मला नोटिशीच्या पाठीवरचा शेरा दाखवला. नोकरी वाचली होती, खोली वाचली होती. मी अभिनंदन केलं.

"मी तयार होतो," तो म्हणाला. "पूरं पाठ केलं होतं. मासिक धर्म, साहब. मैं मर्द हूँ, मुझे मासिक धर्म आता है. आता हे वाक्य कुठं ठेवू?"

त्याने आईला फोन लावला आणि झालेलं सांगितलं. कुसुमबाई इतक्या मोठ्याने हसल्या की मला शेजारी ऐकू आलं. "वावर नाही," त्या म्हणाल्या, "पन ओलीत हाय म्हन."

परतल्यावर

हा मजकूर छापण्याआधी सुमेधला आणि मास्टरांना वाचून दाखवला. शुक्लाजी मराठी वाचत नाहीत, हे या लेखाला मिळालेलं सर्वांत भक्कम संरक्षण आहे. वानखडे बाबू वाचतात, म्हणून त्यांनाही पाठवला. त्यांची हरकत एवढीच होती की डब्यावर त्यांनी हिंदीतही लिहिलं आहे, ते राहिलं.

सुमेध कायम झाला. पत्रावर 'श्री' आहे. कुसुमबाईंनी ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलं, मामाच्या पट्टीवाल्या फोटोशेजारी. डब्यात अजून एकही पन्नी पडलेली नाही. पण सुमेधने फोनवर सांगितलं, त्यात दोनदा असं काही सापडलं जे त्याचं नव्हतं. तो त्या दिवसांत घरी होता. गिरणीत आणखी कोणाची तरी पाळी आहे. कोणाची, हे त्याने शोधलं नाही. आणखी एक डबा मात्र वानखडे बाबूंना मागितला आहे, दुसऱ्या संडासासाठी.

मृग बहाराची संत्री निघाली तेव्हा शुक्लाजींनी त्याला अडवलं. इतना पानी देते हो, कभी अपने खेत का संतरा तो खिलाओ. नाही म्हणायची सोय नव्हती. कुसुमबाई बाजारात गेल्या, निवडून निवडून पिशवीभर संत्री घेतली, आणि बागेतून आल्यासारखी दिसावीत म्हणून दोनचार फळं देठपानं असलेली पाहून घातली.

शुक्लाजींनी केबिनमध्येच एक सोलून खाल्लं. वेळेवर पाळी मिळाली की फळ असं गोड होतं, असं म्हणाले. हिंदीत, पण पाळीतला ळ त्यांनी स्पष्ट उच्चारला.